सेमी की फुल्ली? चितेगावच्या कंपनीची गोष्ट

परभणीत दसरा-दिवाळीच्या तोंडावर वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं की घरात एक प्रश्न हमखास निघतो. सेमी ऑटोमॅटिक घ्यावं की फुल्ली? दुकानदार फुल्लीकडे बोट दाखवतो, शेजारीण सांगते की सेमीच बरं, आणि पन्नाशी ओलांडलेलं कुणीतरी मध्येच विचारतं, "ती आपली औरंगाबादची व्हिडिओकॉन होती ना, तिचं काय झालं?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की आपण पैठण तालुक्यात पोचतो. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, इथून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर चौदा किलोमीटरवर चितेगाव आहे. व्हिडिओकॉनचं नोंदणीकृत कार्यालय आणि मोठा कारखाना तिथे होता. याच तालुक्यातल्या जायकवाडी धरणातून निघणारा 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून आपल्या परभणीत येतो. पाणी आणि मशीन दोन्ही एकाच बाजूने आपल्याकडे आली. पाण्याचा मुद्दा पुढे वारंवार येणार आहे, कारण कोणतं मशीन कुठल्या घरात चालेल हे शेवटी पाणीच ठरवतं.

सेमी ऑटोमॅटिकला लोक अर्धवट यंत्र समजतात. माझं मत उलट आहे. ज्या घरात नळ चार-सहा दिवसांनी येतो, बोअरचं पाणी जड आहे आणि विजेचा भरवसा नाही, त्या घरासाठी ते पूर्ण विचाराने बनलेलं यंत्र आहे. हे पटवून द्यायचं तर आधी धुणं म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल.

1. कपडा स्वच्छ कसा होतो?

मळ कपड्यावर दोन तऱ्हांनी बसतो. धूळ-माती धाग्यांच्या फटीत अडकते. घाम, तेल, तूप यांचा चिकट भाग धाग्यालाच धरून राहतो आणि धुळीलाही धरून ठेवतो. हा मळ सोडवायला चार गोष्टी लागतात: साबण किंवा पावडर, उष्णता, हालचाल आणि वेळ. हेंकेल या जर्मन कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी 1959 मध्ये या चौघांचं नातं नेमकं मांडलं. चारांपैकी एक कमी केली तर उरलेल्यांपैकी एखादी वाढवावीच लागते. घरच्या धुण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात बसतं.

आपल्याकडची जुनी पद्धत तपासून पाहा. मळके कपडे रात्रभर भिजत घालायचे, हा वेळ झाला. परीट भट्टी लावायचे, ती उष्णता. आणि नदीवर दगडावर आपटणं, मोगरीने बडवणं, ही हालचाल. साबण महाग होता म्हणून तो कमी आणि हालचाल जास्त. ही हालचाल बाईच्या खांद्यातून आणि कमरेतून येत होती.

युरोपातल्या मशीनवाल्यांनी उष्णतेवर भर दिला. त्यांची समोरून दार उघडणारी मशीन पाणी आतच तापवतात. त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. 15 गुणिले 35 म्हणजे 525 किलोकॅलरी. विजेचं एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. म्हणजे केवळ पाणी तापवायला 0.61 युनिट. उलट दोन टबांच्या मशीनची धुण्याची मोटार साधारण 360 वॅटची असते. ती 15 मिनिटं चालली तर 0.09 युनिट. जवळजवळ सातपटीचा फरक. चैत्र-वैशाखात ज्या परभणीत टाकीतलं पाणी आपोआपच कोमट होऊन येतं, तिथे ते मुद्दाम तापवण्यात फारसा अर्थ नाही.

2. बोअरचं पाणी आणि साबणाचा साका

परभणीच्या बहुतेक गावांत बोअरच्या पाण्याने अंघोळ केली तर साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो. हे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. साबण या क्षारांशी लगेच जोडला जातो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. साबणाचा मोठा भाग कपड्यापर्यंत पोचण्याआधीच असा वाया जातो, आणि तो साका कपड्यावर बसला की पांढरं धोतर मळकट दिसू लागतं.

डिटर्जंट पावडरीने ही अडचण बरीचशी सोडवली. तिचा मुख्य घटक क्षारांशी जुळून साका करत नाही. शिवाय पावडरीत धुण्याच्या सोड्यासारखे पदार्थ असतात, ते क्षारांना आधीच गुंतवतात. भारतात सर्फ 1959 मध्ये आलं, पण ते शहरी आणि महाग. 1969 मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी घरी बनवायला सुरुवात केलेली निरमा मात्र पुढे खेड्यापाड्यातल्या दुकानात पोचली. ही पावडर आधी आली नसती तर मराठवाड्यात वॉशिंग मशीनचा टिकाव लागला नसता. साध्या साबणाचा साका टबात आणि नळीत साचून मशीन वर्षभरात खराब झालं असतं. यंत्राचा इतिहास सांगताना लोक हा भाग विसरतात.

3. जपानने हालचाल निवडली

कपडे धुण्याची यंत्रं जुनी आहेत. 1767 मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या याकोब शेफर यांनी एका यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला होता. 1782 मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर यांना फिरत्या पिंपाच्या यंत्राचं पेटंट मिळालं. हाताने फिरवायच्या या यंत्रांबद्दल इथे जास्त बोलायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या हर्ली कंपनीने 'थॉर' नावाचं विजेवरचं मशीन विकायला काढलं, आणि आपल्या गोष्टीचा धागा तिथून सुरू होतो.

1930 मध्ये जपानच्या शिबाउरा कंपनीने थॉरच्या धर्तीवर जपानचं पहिलं विजेचं वॉशिंग मशीन बनवलं. ही शिबाउरा पुढे तोशिबा झाली. तेव्हा ते मशीन इतकं महाग होतं की फार थोड्यांनाच परवडलं. खरी उलथापालथ दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. सान्यो ही नवी कंपनी तोशियो इउए यांनी काढली होती. इंग्लंडमध्ये हूव्हर कंपनीने 1948 मध्ये एक छोटं मशीन आणलं होतं. त्यात मधोमध उभा मोठा दांडा नव्हता. टबाच्या भिंतीला एक चपटी, कंगोरेदार चकती होती, आणि ती वेगाने फिरून पाण्यात भोवरा उठवायची. या चकतीला पल्सेटर म्हणतात. सान्योने ही कल्पना उचलून 1953 मध्ये आपलं मशीन बाजारात आणलं, 28,500 येनला. त्या वेळच्या इतर मशीनच्या मानाने ही किंमत खूप कमी होती. पुढच्या काही वर्षांत टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या तीन वस्तू जपानी घराची आकांक्षा बनल्या.

जपानने झिनरच्या चौकडीतली हालचाल निवडली. पाणी थंडच ठेवलं, पण ते जोरात घुसळलं. तिथलं पाणी हलकं, त्यामुळे पावडरही सहज काम करते. यातून मशीन स्वस्त झालं. हीटर नाही, गुंतागुंतीचे व्हॉल्व्ह नाहीत, पाण्याने गच्च भरलेलं जड पिंप तोलून धरणारी मजबूत चौकट नाही. एक टब, एक चकती, एक मोटार, एक बेल्ट आणि एक टायमर.

उरला प्रश्न पिळण्याचा. तो 1960 मध्ये सुटला. सान्योने धुण्याच्या टबाशेजारी दुसरा छोटा टब बसवला आणि त्याला वेगळी मोटार दिली. हेच दोन टबांचं मशीन, आपलं सेमी ऑटोमॅटिक.

4. छोटा टब मोठ्यापेक्षा चांगला का पिळतो?

ज्वारीच्या शेतात पाखरं राखणाऱ्याने गोफण फिरवताना पाहिलं असेल तर हा भाग लगेच कळेल. गोफणीतला दगड सरळ उडून जायला बघतो, दोरी त्याला आत ओढत राहते. दोरीचं एक टोक सोडलं की दगड सुटतो. स्पिनच्या टबात कपडा हा दगड आहे आणि टबाची भिंत ही दोरी. कपड्याला भिंत अडवते, पाण्याला भिंतीतली भोकं अडवत नाहीत. पाणी सुटतं.

पाणी किती जोराने सुटेल? हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे हे काढायला एक सोपं सूत्र आहे. टबाची त्रिज्या मीटरमध्ये घ्या, तिला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा आणि 895 ने भागा.

सेमीच्या छोट्या टबाची त्रिज्या समजा 12 सेंटिमीटर, फेरे 1300. 0.12 गुणिले 16,90,000 म्हणजे 2,02,800. भागिले 895, उत्तर साधारण 227. वरून कपडे टाकायच्या फुल्ली ऑटोमॅटिकच्या रुंद टबाची त्रिज्या समजा 22 सेंटिमीटर, फेरे 700. 0.22 गुणिले 4,90,000 म्हणजे 1,07,800. भागिले 895, उत्तर 120. स्वस्त सेमी महागड्या फुल्लीच्या जवळजवळ दुपटीने पिळतं. कारण सूत्रातच आहे. त्रिज्या एकदाच मोजली जाते, फेरे वर्गाने मोजले जातात. रुंद टबाला तितक्या वेगाने फिरवलं तर तो हादरतो, म्हणून त्याचा वेग आवरावा लागतो.

हाताने पिळलेल्या सुती कापडात कापडाच्या वजनाइतकं पाणी सहज उरतं. चांगल्या स्पिननंतर ते निम्म्या-पाऊण पटीवर येतं. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा आणि गोधड्या धुवायची आपल्याकडची रीत आहे. नदी-ओढ्यावर नेऊन धुतलेली ओली वाकळ दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, हे काम ज्यांनी केलं आहे त्यांना या आकड्यांचा अर्थ मनगटातून कळतो. पूर्ण वाकळ छोट्या टबात मावत नाही हे खरं. पण चादरी, लुगडी, जीनच्या पँट, शाळेचे गणवेश मावतात, आणि श्रावणात ते संध्याकाळपर्यंत वाळतात.

5. ऊस, कापूस आणि टीव्ही

आता चितेगाव. व्हिडिओकॉन काढणाऱ्या धूत कुटुंबाचा व्यवसाय शेतमालाशी जोडलेला होता, ऊस आणि कापसाशी. नंदलाल माधवलाल धूत यांनी 1955 मध्ये गंगापूर साखर कारखाना उभारला. साखर कारखाना चालवणाऱ्याला यंत्र, वीज, कामगार आणि सरकारी परवाने या चारही गोष्टींची सवय होते, आणि 1980 च्या दशकात भारतात कारखाना काढायला नेमक्या याच चार गोष्टी लागत होत्या.

1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आलं. 1984 मध्ये 'हम लोग', 1987 मध्ये 'रामायण'. गावात ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या अंगणात रविवारी सकाळी सगळी गल्ली. मागणी प्रचंड आणि माल कमी. नंदलाल धूत आणि त्यांचे तीन मुलगे, वेणुगोपाल, राजकुमार आणि प्रदीप, यांनी तोशिबाशी तांत्रिक करार करून टीव्ही बनवायला घेतले. थोरले वेणुगोपाल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. टीव्हीपाठोपाठ 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातच वॉशिंग मशीन आलं, मग एअर कंडिशनर, विजेच्या मोटारी, 1991 च्या सुमारास फ्रिज आणि कूलर.

औरंगाबादच का? मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्य सरकारने 1964 पासून प्रोत्साहन योजना राबवल्या होत्या आणि मराठवाड्याला त्यात सवलती जास्त. 1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्याच्याभोवती प्लास्टिकचे साचे करणारे, पत्रा दाबणारे, वायरिंगचे गुच्छ बांधणारे असंख्य छोटे कारखानदार उभे राहिले. दोन टबांच्या मशीनला हेच लागतं: प्लास्टिकचं अंग, पत्रा, रबरी बेल्ट, दोन मोटारी, वायर. जपानी घराच्या छोट्या मोरीसाठी आखलेलं यंत्र आपल्याकडच्या छोट्या मोरीत बसलं आणि आपल्याच कामगारांच्या हातून बनू लागलं.

विक्रीचं काम टीव्हीने केलं. कपडे भिजवून, धुऊन, खळबळून वाळवून देणाऱ्या व्हिडिओकॉन मशीनची गाण्यातली जाहिरात त्या पिढीच्या कानात अजून आहे. त्याच कंपनीचा टीव्ही, त्यावर त्याच कंपनीच्या मशीनची जाहिरात, आणि गावातला डीलरही एकच. मराठवाड्यातल्या एका कंपनीने देशभरच्या घरांत हे जुळवून आणलं, याचा अभिमान वाटायला हवा. पुढे जे झालं त्याने तो पुसला जाऊ नये असं मला वाटतं.

6. हे श्रम कुणाचे होते?

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीसोबत विठ्ठल दळायला बसतो, शेण्या वेचतो, धुणं धुतो, अशी कथा आपल्या आयाबायांनी शेकडो वर्षं जपली. या कामांत कुणाची तरी सोबत हवी, ही किती खोल गरज होती ते त्यातून दिसतं. आजही चित्र फार बदललेलं नाही. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पूर्वीचं गृहविज्ञान आणि आताचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम चालतं, ते याच कारणाने.

सेमी ऑटोमॅटिकने यातलं काय कमी केलं? आपटणं, बडवणं, पिळणं संपलं. पण मशीनपाशी उभं राहणं राहिलं. टब भरायचा, टायमर फिरवायचा, पाणी सोडायचं, ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायचे. फुल्ली ऑटोमॅटिक हे उभं राहणंही संपवतं. ज्या घरात बाई नोकरीला जाते तिथे हा फरक लहान नाही, आणि सेमीची बाजू घेताना मी तो दडवणार नाही.

7. मशीन चाललं, कंपनी का बुडाली?

1991 नंतर दारं उघडली. 1995 मध्ये व्हर्लपूलने केल्व्हिनेटर ऑफ इंडिया घेतली, सॅमसंग आली, 1997 मध्ये एलजी. गोव्यात वेर्णा इथे आयएफबी समोरून दार उघडणारी मशीन बनवू लागली. पुण्याजवळ रांजणगावला कोरियन आणि चिनी कंपन्यांचे कारखाने झाले. स्पर्धा कठीण होती, तरी सेमीच्या बाजारात व्हिडिओकॉन बराच काळ उभी राहिली, कारण गावोगाव तिचे डीलर होते आणि दुरुस्ती सोपी होती.

घसरण दुसरीकडून आली. 2005 मध्ये कंपनीने इलेक्ट्रोलक्सचा भारतातला व्यवसाय घेतला. त्याच वर्षी फ्रान्सच्या थॉमसनचा टीव्हीच्या काचेच्या पिक्चर ट्यूबचा व्यवसायही घेतला, इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधल्या कारखान्यांसह. जगात सपाट पडद्याचे टीव्ही येत होते आणि जाड ट्यूब अडगळीत निघाल्या होत्या. मग 2008 मध्ये मोबाइलचे परवाने. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे 122 परवाने रद्द केले, त्यातले 21 व्हिडिओकॉनचे. तेल-वायू हेही क्षेत्र होतं. मोझांबिकच्या समुद्रातल्या वायुक्षेत्रातला 10 टक्के हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाला सुमारे 2.5 अब्ज डॉलरला विकून कंपनीने थोडी उसंत मिळवली. पण कर्ज थांबलं नाही. 2012 मध्ये 20 बँकांच्या गटाने समूहाला सुमारे 40,000 कोटी रुपयांची कर्जं मंजूर केली होती. त्यातल्या आयसीआयसीआय बँकेच्या 3,250 कोटींच्या कर्जावरून पुढे सीबीआयने गुन्हा नोंदवला. डिसेंबर 2022 मध्ये वेणुगोपाल धूत यांना अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला.

दिवाळखोरीची प्रक्रिया समजून घेऊ, कारण तिथे साध्या माणसाचा संबंध येतो. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात कर्ज थकवलेली कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे नेली जाते. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज जून 2018 मध्ये तिथे गेली. कंपनी घ्यायला कुणी तयार असेल तर तो किती पैसे देणार हे सांगतो आणि कर्ज दिलेल्या बँका ते मान्य किंवा अमान्य करतात. समूहातल्या 13 कंपन्यांवरचे मान्य दावे सुमारे 65,000 कोटींचे होते. जून 2021 मध्ये वेदांत समूहाच्या ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजची सुमारे 2,962 कोटींची योजना मंजूर झाली. म्हणजे 100 रुपयांच्या थकबाकीवर साडेचार रुपये. बोली लावणारा जवळजवळ काहीच देत नाही, असं मंजुरी देणाऱ्या न्यायाधिकरणानेच नोंदवलं, आणि जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने ही मंजुरी रद्द केली.

कंपनी मोडून विकायची वेळ आली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचं मागच्या 24 महिन्यांचं देणं आणि तारणावर कर्ज देणाऱ्या बँका बरोबरीने, असा कायद्यातला क्रम आहे. कामगारांना वरची जागा आहे. पण प्रकरण वर्षानुवर्षं चाललं की वरची जागाही कामाला येत नाही. चितेगावच्या कारखान्यावर हजारो घरं अवलंबून होती. मशीन बनवण्याचं कसब असलेल्या या माणसांना आयुष्याच्या मध्यावर दुसरं काम शोधावं लागलं. परदेशातल्या पिक्चर ट्यूबचे आणि मोबाइल परवान्यांचे निर्णय त्यांनी घेतले नव्हते, आणि ज्या यंत्राने कंपनीला घरोघरी नेलं त्यात काही खोट नव्हती.

8. मग घ्यावं काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे. दुकानात जाण्याआधी घरी तीन गोष्टी तपासा.

पहिली, पाण्याचा दाब. फुल्ली ऑटोमॅटिक स्वतः पाणी घेतं, त्यासाठी नळाला दाब लागतो. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. बऱ्याच मशीनना किमान 0.3 बार लागतो, म्हणजे टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा तीन मीटर उंच हवा. टाकी मोरीच्या पत्र्यावर असेल तर मशीन पाण्याची वाट पाहत थांबेल आणि चूक दाखवेल. सेमीला बादलीने पाणी ओतलं तरी चालतं. वीज गेली तरी फार बिघडत नाही, आल्यावर टायमर पुन्हा फिरवायचा.

दुसरी, किती पाणी हाताशी आहे. समजा, टबात 45 लिटर मावतं आणि तीन घाण्यांचे कपडे आहेत. फुल्ली प्रत्येक घाण्याला एकदा धुण्याचं आणि दोनदा खळबळण्याचं पाणी घेईल असं धरू. एका घाण्याला 135, तिन्हींना 405 लिटर. सेमीत साबणाचं एकच पाणी तीनदा वापरता येतं: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले कपडे आणि पायपुसणी. खळबळायचं पाणीही याच क्रमाने. 135 लिटरमध्ये तिन्ही घाणे निघतात, आणि शेवटचं मळकं पाणी मोरी-अंगण धुवायला उरतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मराठवाड्यातल्या घरांनी हा हिशेब कागदाशिवाय केला होता. समोरून दार असलेली मशीन पाणी कमी घेतात हे खरं, पण त्यांचं वापरलेलं पाणी सहसा थेट गटारात जातं, ते पुढच्या घाण्याला घेता येत नाही.

तिसरी, दुरुस्ती. सेमीत बिघडणाऱ्या वस्तू थोड्या आणि ओळखीच्या आहेत. चकती नुसती गुरगुरते पण फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेला. मोटार फिरते पण चकती थांबून थांबून फिरते, तर बेल्ट सैल झाला. स्पिन सुरूच होत नाही, तर झाकणाखालची कळ किंवा ब्रेक पाहा. दोन टबांची रचना सगळ्या कंपन्यांत इतकी सारखी आहे की कपॅसिटर, बेल्ट, टायमर यांसारखे बरेच भाग बाजारात मिळतात, आणि बनवणारी कंपनी बंद पडली तरी मशीन चालू ठेवता येतं. फुल्लीच्या इलेक्ट्रॉनिक पाटीचं तसं नाही. ती त्याच कंपनीची आणि बहुतेक वेळा त्याच मॉडेलची लागते.

घरात टाकी उंच असेल, पाणी पुरेसं असेल आणि दिवसभर घरी कुणी नसेल, तर फुल्लीच घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, कपडे न टाकता, मशीन साफ करायची पावडर घालून चालवा आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाची जाळी काढून घासा. बाकीच्या घरांनी सेमी घ्यायला अजिबात संकोचू नये. फक्त स्पिनच्या टबात कपडे सगळीकडे सारखे दाबून बसवा आणि वरची जाळीदार चकती ठेवायला विसरू नका. एका बाजूला गोळा झालेला कपडा 1300 फेऱ्यांना टब हादरवतो आणि बेअरिंग लवकर जातं.